वाडगं वाळेपर्यंत कापूस विकायचा नाही

आमच्या ह्यांना लाकडातलं काही कळत नाही, हे आधीच सांगून ठेवते. ह्यांचं आयुष्य तांब्याच्या तारेत गेलं. आर्णीला ह्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. आजूबाजूच्या गावांतल्या विहिरींवर जळलेल्या मोटारी तिथं यायच्या. डोळे तारेवर ठरेनासे झाले तेव्हा दुकान पुतण्याच्या हवाली करून हे घरी बसले, आणि घरात मी काय काय चुकीचं करते ते बघायला त्यांना भरपूर वेळ मिळाला. फोडणीत मोहरी तडतडायच्या आधीच जिरं पडतं, हे मला लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कळलं.

अशात परतीच्या पावसात एका संध्याकाळी वारा सुटला आणि अंगणातला आंबा गोठ्यावर आडवा झाला. बैल अजून शेतातून यायचे होते म्हणून वाचले. पत्रे गेले.

तो आंबा माझ्या बापानं दिलेला होता. लग्नानंतर पहिल्यांदा मला भेटायला आला तेव्हा मारेगावकडून गाड्या बदलत बदलत, डालड्याच्या डब्यातलं रोप मांडीवर घेऊन आला. कंडक्टरनं डबा खाली ठेवायला सांगितला म्हणून त्याच्याशी भांडलाही होता. पुढं बाप गेला. भावानं घर आणि शेत विकून नागपूर गाठलं. आता मी मारेगावला उतरले तर घोटभर पाणी मागायला दार नाही. माहेरचं म्हणून जे काही माझ्याकडं होतं ते त्या अंगणात उभं होतं, आणि ते उन्मळून पडलेलं पाहून मी गळा काढून रडले.

रडणाऱ्या बाईपुढं काय करायचं ते ह्यांना कळत नाही. थोडा वेळ मुडपलेले पत्रे उलटेपालटे करत राहिले. मग म्हणाले, “रडू नको ना. मी तुले याचं भांडं करून देतो.”

“कायचं भांडं?”

“लाकडाचं. कटोरा. चांगला गोल.”

मला वाटलं, समजूत घालायला काहीतरी बोलले. पण दुसऱ्या दिवशी जुन्या मळणी यंत्राची मोटार पडवीत आली, मागोमाग लोखंडी अँगल आले, वेल्डिंगवाला आला, आणि आठवडाभरात माझ्या धुणं वाळत घालायच्या जागेवर खराद उभा राहिला. लाकडाचा तुकडा त्यात अडकवायचा, मोटार चालू करायची आणि फिरत्या लाकडाला पटाशी लावायची. हे सगळं ह्यांना मोबाईलमधल्या एका गोऱ्या माणसानं शिकवलं. तो काय बोलतो ते ह्यांना कळत नव्हतं, पण त्याच्या हाताकडं बघून सगळं कळतं, असं ह्यांचं म्हणणं.

आंब्याचं खोड भिरुडानं आतून पोखरलेलं निघालं. धड असे पाचच तुकडे हाती लागले. ते ओल्या पोत्याखाली झाकून ठेवले आणि बाकीचं चुलीला लागलं.

पहिलं वाडगं फार देखणं झालं. ओलं लाकूड कापताना पाण्याचे तुषार उडत होते, ह्यांचा बनियन भिजला, ढलप्यांना कैरीसारखा वास येत होता. मी वाडगं पुसून देवाच्या फळीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसलो आणि आतून आवाज आला, टच्च. ह्यांचा घास हातातच राहिला. जाऊन बघतो तर काठापासून बुडापर्यंत भेग, बोट जाईल एवढी.

मग गोऱ्या माणसाकडं पुन्हा शिकवणी. त्यातून असं निघालं की खोडाच्या मधला गाभा वाडग्यात ठेवायचाच नसतो, तिथूनच फाटतं. आणि ओलं वाडगं एकदम पातळ करायचं नसतं. जाड कोरायचं, महिनोन् महिने सावकाश वाळू द्यायचं, ते वाळताना वेडंवाकडं होईल ते होऊ द्यायचं आणि मग पुन्हा खरादावर चढवून गोल करायचं. कारण लाकूड बाहेरून लवकर वाळतं, आतून ओलंच राहतं, आणि मग त्या दोघांचं पटत नाही.

दुसरं जाड केलं, गाभा काढला, आणि पडवीत ठेवलं. आमच्याकडचा हिवाळ्यातला वारा माणसाचे ओठ फोडतो, लाकडाची काय कथा. तिसऱ्याच्या वेळी कळलं की लाकडाच्या उभ्या रेषा जिथं संपतात ती तोंडं बंद करायला हवीत, तिथून ओल भराभर पळते. त्यासाठी मेण हवं. मेण नव्हतं, पण पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला ऑइलपेंट होता. हे वाडगं दोन्ही बाजूंनी गुलाबी झालं. गुलाबी भाग शाबूत राहिला आणि मधोमध फुटलं.

चौथं उकळलं. हो, उकळलं. उकळल्यावर लाकडातला ताण जातो म्हणे. माझा आंघोळीच्या पाण्याचा मोठा गंज अंगणातल्या चुलीवर चढला, त्यात वाडगं, वर दगड. नेमकी एकादशी होती. समोरच्या घरातले मामाजी, आमच्या नात्यातले नव्हेत, गावातले वयानं आणि आवाजानं सगळ्यांत मोठे, दारात येऊन उभे राहिले आणि वाफ हुंगत म्हणाले, “आज काय शिजवून राह्यले बापा?”

“कटोरा,” हे म्हणाले.

“कटोऱ्यात काय?”

“कटोऱ्यात काही नाई. कटोराच.”

मामाजी परत गेले, आणि संध्याकाळपर्यंत आमच्या घरी एकादशीला बोकड शिजला हे गावभर झालं. वाडगं फुटलंच.

आता शेवटचा तुकडा उरला. ह्यांचा चेहरा उतरला होता. खरं सांगायचं तर मला ह्यांची दया आली, पण ती दाखवली असती तर डोक्यावर बसले असते. शेवटचं वाडगं कोरून झालं, जाड, ओबडधोबड, तोंडांना गुलाबी रंग लावलेलं. ते हातात घेऊन हे उभे होते, ठेवायचं कुठं ते सुचत नव्हतं.

मी म्हटलं, “कापसात ठेवा.”

मधल्या खोलीत कापूस भरला होता. आमच्याकडं घरोघर असाच असतो. वेचून आणलेला कापूस भाव बरा मिळेपर्यंत घरातच पडून असतो आणि माणसं उरलेल्या जागेत राहतात. त्या ढिगात आम्ही सीताफळं पिकायला ठेवतो. आत ना वारा ना ऊन, एकसारखी ऊब. सीताफळ पिकतं तर वाडगं का वाळणार नाही?

“तो ढलप्यात पुराले सांगते,” हे म्हणाले. तो म्हणजे गोरा माणूस.

“त्याच्याकडं कापूस नसन.”

वाडगं सुती फडक्यात गुंडाळून मी ढिगात छातीभर आत पुरलं. दर आठवड्याला काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचं. वजन घटणं थांबलं की समजायचं, वाळलं. पहिल्या आठवड्यात वजन घटलं, भेग नाही. दुसऱ्या आठवड्यात घटलं, भेग नाही. ह्यांना रिकामं बसवेना, ते मोबाईलवर लाकडाच्या जगात फिरत राहायचे, ओट्यावर बसून, सकाळ-संध्याकाळ.

इथून खरी भानगड सुरू झाली.

कापूस विकायच्या बाबतीत हे गावात भित्रे म्हणून प्रसिद्ध. आग लागेल, उंदीर लागेल, भाव पडेल, या भीतीनं दरवर्षी गावात पहिला कापूस आमचा विकला जायचा. भाव चढला की लोक आमच्याकडं बघून हसायचे. या वर्षी संक्रांतीनंतर भाव थोडा वर सरकला, व्यापारी गाडी घेऊन दारात आला, आणि आम्ही नाही म्हटलं. विकला असता तर वाडगं कुठं ठेवायचं? व्यापाऱ्यानं भाव वाढवून दिला. तरी नाही. तो चहा न घेता गेला.

दुपारपर्यंत गावात चर्चा. आर्णीत दुकान चालवलेला माणूस, दिवसभर मोबाईलमध्ये तोंड, आणि कधी न थांबणारा, तो थांबला! याला काहीतरी खबर आहे. ओट्यापुढून जाणारे हळूच मोबाईलमध्ये डोकावायचे. हे लाकूड बघताना दिसले तर, आपल्याला पाहून पटकन बदललं, असं समजायचे. मामाजींनी व्यापाऱ्याशी ठरलेला सौदा मोडला. मग त्यांच्या मागच्यांनी मोडला. तांड्यावर माझी मैत्रीण राहते, बंजारा, दरवर्षी वेचणीला आम्ही एकमेकींच्या शेतात जातो. तीही थांबली. मला वाटलं, सगळ्यांनाच या वर्षी धीर आला आहे. आपण कुणाचे पुढारी झालो हे आम्हा दोघांना शेवटी कळलं.

आणि भाव पडला.

होळीच्या आदल्या संध्याकाळी अर्धं गाव आमच्या अंगणात. मामाजी पुढं.

“तुमच्या भरवशावर थांबलो आमी,” मामाजी म्हणाले. “आता सांगा, पुढं काय हाय? चढते का नाई?”

ह्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. “मामाजी, मले भावातलं काईच नाई समजत. कापसात कटोरा वाळून राह्यला, म्हनून नाई इकला.”

मामाजींचा आवाज चढला. “सांगायचं नसन तं नोका सांगू. पन मले येडं कायले बनवता? माह्या दाढीचे केस पांढरे झाले!”

“देवाशपथ, कटोराच हाय.”

“कटोऱ्यासाठी कोनी कापूस ठेवते का?”

मागून कुणीतरी म्हणालं, “एकादशीले शिजवला तो बोकडबी कटोराच होता म्हन्ते!” लोक हसले, पण ते हसणं बरं नव्हतं. माझं टाळकं सरकलं. ह्यांना काय बोलायचं ते मी बोलेन. गावानं काहून बोलावं? पण मला हेही दिसत होतं की या लोकांच्या घरात आमच्यापायी कापूस पडून आहे, आणि आम्ही खोटं बोलत नाही हे दाखवायला एकच गोष्ट आहे आमच्याकडं. वजनापुरती घरात काढणं वेगळं; अंगणात आणली तर फाल्गुनातला हा कोरडा वारा तिला सोडणार नाही. बापाच्या आंब्यातलं तेवढंच उरलं होतं. मी दाराशी क्षणभर थांबले. मग पदर खोचला आणि ढिगावर चढले.

आणि वाडगं सापडेना; दर आठवड्याला काढायचे-पुरायचे हे, मला नेमकी जागा ठाऊक नव्हती. कापूस दबून खाली बसला होता. मी कमरेपर्यंत आत, दारात सगळं गाव. हाताला आधी एक वाळून दगड झालेलं सीताफळ लागलं. ते बाहेर फेकलं. मग माझी हरवलेली कात्री. मग कसलीतरी चिंधी. मामाजी म्हणाले, “काढून राह्यली का आतच दुकान लावलं?” जुन्या कापसात खाज फार, मी एका हातानं मान खाजवत, दुसऱ्यानं शोधत होते. शेवटी फडकं हाताला लागलं.

बाहेर आले तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत कापूस. ओट्यावर फडकं सोडलं. वाडगं एका अंगानं अंड्यासारखं लांबट झालं होतं, काळसर निळ्या रेषा उठल्या होत्या, काठाला गुलाबी रंग. भेग नव्हती.

मामाजींनी ते हातात घेतलं, उलटं केलं, टिचकी मारली. “याच्यासाठी?” ते म्हणाले.

तेव्हा मी सगळ्यांसमोर रडले. म्हटलं, “हो, याच्यासाठी. बापानं देलेल्या आंब्याचं हाय. माह्या माहेरचं दुसरं काईच नाई राह्यलं.”

तांड्यावरच्या माझ्या मैत्रिणीनं ह्यांना विचारलं, “आता असंच बाहेर राह्यलं तं फुटन का?”

“उद्यापर्यंत,” हे म्हणाले.

“मंग काढाले कायले लावलं तिले?” ती मामाजींकडं वळून अशी काही बोलली की ते ओट्याच्या कडेला सरकून बसले. तरीही मामाजी मामाजीच. त्यांनी निवाडा दिला: उद्या सकाळी आम्ही आमचा कापूस विकायचा, सगळ्यांच्या देखत, म्हणजे गावाला कळेल की आमच्याकडं कसलीच खबर नाही. आम्ही कबूल झालो. नाही कशाला म्हणणार? पण वाडग्याचं घर गेलं.

“आन माह्याकडं, बाई,” मैत्रीण म्हणाली. “माहा कापूस आठ-दहा दिवस हाय अजून.” फडक्यासकट उचलून ती तांड्यावर घेऊन गेली.

असं ते वाडगं गावात फिरायला लागलं. मैत्रिणीनं कापूस विकला तेव्हा ते तिच्या शेजारणीकडं गेलं. तिच्याकडून शाळेमागच्या घरी. कापूस गाडीत चढला की बाई फडकं काखेत मारून पुढच्या दारी उभी राहायची. कुणी त्याला एरंडीचं तेल लावलं, कुणी हळदीचं बोट, एका घरात बकरीनं काठ चाटून गुलाबी रंग खाल्ला आणि दोन दिवस सगळे बकरीची काळजी करत बसले. हे आठवड्याला काटा पिशवीत घालून वाडगं ज्या घरी असेल त्या घरी निघायचे. ज्या माणसानं सगळा जन्म माणसांकडं पाठ करून मोटारीशी बोलण्यात घालवला, तो आता घरोघर चहा पीत होता. परत येऊन मला सांगायचा की अमक्यांच्या घरी फोडणीत आधी मोहरीच तडतडते.

उन्हाळा तापला. बाहेर उभं राहवेना, कौलं तडकायची, आणि वाडगं कुणाच्या तरी कापसात गार पडून. एकेक घर रिकामं होत गेलं. वैशाखाच्या शेवटी गावात एकाच घरी कापूस राहिला, मामाजींकडं. वाडगं तिथं पोचलं. ते तिथं जाऊ नये असं मला फार वाटत होतं, पण दुसरीकडं ढीगच नव्हता.

मामाजींचे लेक कापूस विकायच्या मागं लागले होते. बियाणं घ्यायचं, पेरणी तोंडावर आली. रोज समोरच्या घरातून आवाज ऐकू यायचे. “बाबा, गाडी बोलवू का?” आणि मामाजींचा खणखणीत आवाज, “कटोरा अजून वजन सोडून राह्यला. थांब!” कटोऱ्यासाठी कुणी कापूस ठेवतं का, असं आमच्या अंगणात ओरडलेला हाच माणूस. मला घरात बसून हसू यायचं, आणि हसता हसता डोळे भरायचे. नवल म्हणजे भाव वर गेला नाही की खाली आला नाही. भावाला गावाची तेवढीच दया आली.

मग एक आठवडा वजन तेवढंच भरलं. पुढच्या आठवड्यातही तेवढंच. ह्यांनी मामाजींच्या ओट्यावर उभं राहून मला हाक मारली, “वाळलं!” इतक्या मोठ्यानं की रस्त्यावरचं कुत्रं उठून गेलं. मी धावत गेले नाही. धीर झाला नाही. वाटलं, आणायला गेले आणि हातातच तडकलं तर?

दिवेलागणीला मामाजी स्वतः आले. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी. दोन्ही हातांत वाडगं, वर रुमाल झाकलेला. मामीजी जाऊन बरीच वर्षं झाली, सुनांना काही विचारलं नसावं, कारण बाईमाणसाला देताना काय द्यायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. रुमाल काढला तर वाडग्यात तुरीची डाळ, काठोकाठ भरलेली, आणि मधोमध खोवलेला झेंडू.

“हे कायले, मामाजी?” मी म्हटलं.

“तुह्या बापाच्या घरचं भांडं हाय ते,” मामाजी म्हणाले. “रिकामं कसं आनू?”

गावात कुणालाही तोंडावर उत्तर द्यायला मी मागं हटत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी मी नुसतं वाडगं हातात घेतलं. जड होतं, डाळीनं. बोटांनी सगळीकडून चाचपलं, भेग नव्हती.

“आता खरादावर चढवतो,” हे मागून म्हणाले. “गोल करून देतो.”

“हात तर लावून पाहा,” मी म्हटलं.

वाडगं चौरंगावर ठेवून मी मामाजींच्या पायाशी वाकले, आपल्या घरच्या माणसाच्या पायाशी वाकतात तशी. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. मग खाकरले आणि म्हणाले, “सुखी राह्य, माय. आन सकाळी गाडी येऊन राह्यली, कापूस भराले दोन मानसं कमी हायत. लवकर या दोघंबी.”

आम्ही दोघंही गेलो.